रिकामा रकाना : सोलापूरचे बाप-लेक आणि किलिमांजारो

माझ्या वहीच्या त्या पानावर तीन रकाने आहेत. तारीख, 'पप्पा' आणि 'ती'. कोजागरीपासून जानेवारीअखेरपर्यंत दर रविवारी मी ते भरत होतो. पप्पांच्या रकान्यात दाटीवाटी आहे : रक्तदाब, सकाळची नाडी, गुडघ्याची सूज, जिन्याच्या फेऱ्या, रात्रीची झोप. तिच्या रकान्यात दर रविवारी एकच शब्द, 'ठीक'. शेवटी शेवटी तर मी तोही लिहिला नाही, वरच्यासारखंच म्हणून नुसती टिंबं दिली.

किलिमांजारोवर ५,१५० मीटरच्या आसपास तोल गेला तो तिचा.

हे प्रकरण त्या दोघांना, एका वडिलांना आणि त्यांच्या मुलीला, विचारूनच लिहितोय. नावं मुद्दाम दिलेली नाहीत. मी शाळेत क्रीडाशिक्षक होतो. निवृत्तीनंतर सकाळी साडेपाचला होम मैदानावर गट घेतो. त्यातले दोन-चार जण दरवर्षी हिमालयात वगैरे जायचं म्हणून येतात, त्यांची तयारी करून घेतो. एवढ्या वर्षांत माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक या पानावर आहे, म्हणून हेच पान निवडलं.

माणसं

वडील ६१ वर्षांचे. पॉवरलूमवर कामगार म्हणून लागले, पुढं जॉबर (मागांची देखरेख-दुरुस्ती करणारा) झाले, मग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चार माग भाड्यानं घेऊन टॉवेल काढायला लागले. अशी मागाच्या शेडमध्ये ३४ वर्षं. त्या खडखडाटानं डावा कान जवळपास गेला, उजव्यानं समोरासमोर बोललेलं ऐकू येतं. रक्तदाबाची गोळी रोजची. उजवा गुडघा कुरकुरणारा. पण चालायला पक्के. दर कोजागरीला सोलापूर ते तुळजापूर पायी जाण्याचा नेम २६ वर्षं मोडलेला नाही. ज्यांनी ती वाट केली नसेल त्यांच्यासाठी सांगतो : साधारण ४५ किलोमीटर, रात्रभर, हजारो माणसं रस्त्यावर, जागोजागी फुकट चहा आणि केळी, आणि पाय बोलायला लागतात नेमका तेव्हा तुळजापूरचा घाट येतो.

मुलगी ३० वर्षांची, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत पळते. सिंहगड दर शनिवारी. सकाळची नाडी ५४, म्हणजे खेळाडूची.

कल्पना तिची. किलिमांजारो ५,८९५ मीटरचा, आफ्रिकेतला सर्वांत उंच डोंगर. पण दोर, बर्फाची कुऱ्हाड असलं काही न लागता नेहमीच्या वाटांनी चालत वर जाता येतं. "पप्पा एका रात्रीत ४५ किलोमीटर चालतात सर, इथं सहा दिवसांत सत्तर आहेत," असं ती मला पहिल्या दिवशी म्हणाली. हिशोब बरोबर होता, फक्त भलत्याच गोष्टीचा होता. तुळजापूरच्या वाटेवर हवा पातळ होत नाही.

ज्वारीची पिशवी

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५८ मीटरवर, आणि भाकरीसारखं सपाट. चढ दाखवायचा तर उड्डाणपुलाचा. मग राहिले जिने. सात रस्त्याजवळच्या एका आठ मजली इमारतीच्या वॉचमनला विनवून पहाटेची परवानगी मिळवली. पाठीवर वजन काय घ्यायचं? पप्पांनी घरच्या कोठीतली मालदांडी ज्वारी दोन-दोन किलोच्या पिशव्यांत भरली. पहिल्या आठवड्यात चार किलो, डिसेंबरात दहा. घरातून विरोध एवढाच झाला की "ती घामेजलेली ज्वारी मी दळायला देणार नाही." संक्रांतीच्या आधी कोठी रिकामी झाली तेव्हा ती गुपचूप दळून आली आणि सगळ्यांनी खाल्ली.

चढण्यापेक्षा मी उतरण्यावर जास्त वेळ घालवला. चढताना दम लागतो, पण गुडघे जातात ते उतरताना. आठ मजले हळू उतरायचे, प्रत्येक पायरीवर गुडघा वाकवून वजन झेलायचं. दोन महिन्यांत सूज गेली. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे होम मैदानावर आले तेव्हा आम्ही संभाजी तलावाच्या बाजूला सरकलो, एवढाच खंड.

डिसेंबरात कळसूबाई केला. १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राचा माथा, पण उंचीच्या त्रासाची, म्हणजे पातळ हवेनं होणाऱ्या डोकेदुखी-मळमळीची, परीक्षा तिथं होत नाही. पाहायचे होते ते पाय. पप्पांना बारी गावातून वर जायला चार तास लागले. मुलगी तेवढ्या वेळात पुढं जाऊन तीनदा मागं आली. पाणी दिलं, जॅकेट स्वतःच्या सॅकमध्ये घेतलं, शिडीवर खालून हात धरला. मी वहीत कौतुकानं लिहिलंय, 'मुलगी वडिलांना फार जपते'. नोंद म्हणून ती बरोबरच आहे. तिच्यातला धोका मला वाचता आला नाही.

डॉक्टरांकडे गेले तेही पप्पांसाठीच. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, आणि कापसाच्या धुळीत आयुष्य गेलं म्हणून फुप्फुसांची तपासणी. सगळं बऱ्यापैकी. डॉक्टरांनी दोघांनाही उंचीचा त्रास टाळायची गोळी, डायमॉक्स, सांगितली, १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. आधी दोन दिवस घरी घेऊन बघा म्हणाले. पप्पांनी निमूट घेतली. मुलीच्या बोटांना मुंग्या आल्या, सोडा पाणचट लागला, ऑफिसच्या मीटिंगमधून सारखं उठावं लागलं. ती म्हणाली, "मला नाही गरज, पप्पांना द्या." या गोळीनं हे सगळं होतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण तिला हे कुणी सांगितलं नाही. मी तर नाहीच.

विम्याचं एक वाक्य : नेहमीच्या ट्रॅव्हल पॉलिसीत एवढी उंची बहुधा बसत नाही, पॉलिसीत मीटरचा आकडा बघून घ्या. यांनी घेतला होता.

आणि मग सिद्धेश्वर एक्स्प्रेसचा प्लॅटफॉर्म. चटणीचे डबे, कडक भाकऱ्यांचं गाठोडं, निरोप. गाडी सुटायच्या आधी आईनं दोघांचे हात एकमेकांत दिले आणि म्हणाली, "दोघं जाताय, दोघं या. वर एकमेकाला सोडायचं नाही. एकाला नाही जमलं तर दोघांनी माघारी फिरायचं. शब्द द्या." दोघांनी दिला. मी शेजारी उभा राहून मान डोलावली. याहून शहाणं वाक्य कुणी बोलेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

वर काय झालं

वाट मरांगूची. प्रवेशद्वार १,८८० मीटरच्या आसपास, पहिला मुक्काम मंदारा २,७२० वर, दुसरा होरोंबो ३,७२० वर, तिथं एक दिवस थांबायचं, मग किबो ४,७२०. तिथून मध्यरात्री निघून गिलमन्स पॉइंट ५,६८५ आणि शेवटी उहुरू शिखर. झोपायला खाटा असलेल्या झोपड्या मिळतात म्हणून ही वाट सोपी समजली जाते. पायांना ती सोपी आहेच. पण ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा उंचीवरच्या वैद्यकाचा ढोबळ नियम आहे. या वाटेवर हजार मीटरची उडी दोनदा येते आणि मधे विश्रांती एकच दिवस. शिखरावर हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा उरतो.

पप्पांना स्वाहिलीतला 'पोले पोले' पहिल्याच दिवशी पाठ झाला. हळूहळू. तो त्यांच्या गुडघ्याच्या सोयीचा होता. सहायक गाईडच्या मागं ते मुंगीच्या पावलांनी चालत राहिले. मुलगी पुढं जायची, फोटो काढायची, मागं यायची, पप्पांची बाटली आणि जॅकेट स्वतःकडे घ्यायची. कळसूबाईचंच सगळं, फक्त दुप्पट उंचीवर. होरोंबोला पोचेपर्यंत एकाच वाटेवर ती त्यांच्यापेक्षा किती जास्त चालली असेल, देव जाणे.

होरोंबोच्या पहिल्या संध्याकाळी तिचं डोकं दुखायला लागलं. तिनं स्वतःला कारण दिलं की आज चहा झाला नाही. जेवताना पप्पांनी शेंगा चटणी आणि कडक भाकरी पुढं केली. एरवी त्या चटणीवर तुटून पडणारी मुलगी, तिला वासानंच मळमळलं. तिनं एक तुकडा मोडून तोंडात फिरवला आणि उरलेली अर्धी भाकरी टिश्यूत गुंडाळून जॅकेटच्या खिशात टाकली.

पप्पांनी ते पाहिलं.

हे मला त्यांनी परत आल्यावर महिन्याभरानं सांगितलं, घरात नाही, जिन्याच्या पाचव्या मजल्यावर. "दिसलं की मला सर. पण इचारलं असतं तर काय म्हणाली असती? डोकं दुखतंय म्हणाली असती. मग शब्दाप्रमाणं दोघांनी उतरायचं. पोरीनं वर्षाची रजा नि पैसा लावलेला." म्हणून ते गप्प बसले. आणि मुलगी? तिचं म्हणणं ऐका : "मी सांगितलं असतं तर पप्पांना माझ्यासाठी उतरावं लागलं असतं. त्यांचं पुन्हा कधी होणार होतं?" दोघंही एकमेकांच्या शिखरासाठी गप्प. आईच्या त्या एका वाक्यानं डोकेदुखी ही सांगायची गोष्ट राहिली नाही, लपवायची झाली.

त्यात आणखी एक गाठ होती. गाईड रोज संध्याकाळी विचारायचा : डोकं, भूक, झोप, चक्कर. पप्पांना इंग्रजी येत नाही. म्हणजे गाईडचा प्रश्न मुलगी त्यांना सांगणार, त्यांचं उत्तर मुलगी गाईडला सांगणार, आणि स्वतःचंही उत्तर तीच देणार. जो पेशंट तोच दुभाषा. "ऑल गुड," ती दोघांच्या वतीनं म्हणायची. होरोंबोच्या विश्रांतीच्या सकाळी ऑक्सिमीटरवर पप्पांचा आकडा ८८ आला, तिचा ८४. ती म्हणाली बोटं गार आहेत. गार बोटांनी आकडा चुकतो हे खरंच आहे, आणि त्या आकड्यावर एकट्यावर निर्णय घेऊ नये हेही खरं. म्हणून ती सबब खपली.

किबोला दुपारी पोचल्यावर झोपडीच्या मागं जाऊन उलटी केली आणि बुटानं माती लोटली. रात्री बाराला निघाले. उणे दहाच्या खालची थंडी, पायाखाली सरकणारा भुसभुशीत खडा, पुढच्याच्या दिव्याचा उजेड तेवढा दिसतो. पुढं मुख्य गाईड, मग मुलगी, मग पप्पा, शेवटी सहायक. हान्स मेयर या जर्मन माणसानं १८८९ मध्ये लुडविग पुर्टशेलरबरोबर हे शिखर पहिल्यांदा गाठलं. त्याच्या नावाची गुहा वाटेत लागते. तिच्या जरा खाली पप्पांच्या लक्षात आलं की मुलीचं पाऊल गाईडच्या ठशावर न पडता डावीकडे पडतंय. एकदा पडलं तर खडा सरकला असेल. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा त्यांनी काठी पुढं करून गाईडच्या सॅकवर ठोकली.

तिची जीभ जड झाली होती, शब्द अडखळत होते. ते पप्पांना ऐकूच आलेलं नव्हतं. मला ते पुढं म्हणाले, "मागावर काय ऐकू येतंय? धागा तुटला की डोळ्यालाच कळतं." त्या ३४ वर्षांनी कान घेतले, पण हे दिलं.

गाईडनं काठीनं मातीत रेघ ओढली. टाचेला चवडा लावून चाल म्हणाला. तिसऱ्या पावलाला ती बाजूला कलंडली. डोकेदुखी असताना तोल जाणं ही मेंदूला सूज येत असल्याची खूण मानायची. तिथं उजाडायची वाट बघायची नसते, काही तासांत माणूस बेशुद्ध पडून दगावू शकतो. उपाय एकच आणि तो लगेच, खाली. ऑक्सिजन, औषध हे सगळं उतरता उतरता.

मग गाईडनं खुणांनी पप्पांना विचारलं. तो स्वतः मुलीला घेऊन खाली जाईल. सहायक आहे, तुम्हाला वर जायचं असेल तर जा, तुमची चाल चांगली आहे. पप्पांनी एकदा वर बघितलं. मग वळले.

किबोहून होरोंबोपर्यंत तिला एका चाकाच्या स्ट्रेचरवर आणलं. त्या वाटेवर हे स्ट्रेचर वापरतात : मधे एकच चाक, पुढं-मागं धरायला माणसं, आपल्या हातगाड्यासारखं पण पळत न्यायचं. पप्पा शक्य तेवढं बाजूनं चालत होते. हजार मीटर खाली आल्यावर डोकं निम्मं उतरलं. दुपारी ती रेघेवर सरळ चालली आणि चहा मागितला. चहा आल्यावर पहिलं वाक्य : "पप्पा, तुम्ही का फिरलात? तुम्हाला जमत होतं."

"मला इंग्रजी कुठं येतंय," ते म्हणाले.

प्रकरण वाचताना

सोलापुरात परत आल्यावर दोन तऱ्हेचं बोलणं झालं. काही म्हणाले, एवढी पळणारी पोरगी आणि तीच पडली. काही म्हणाले, या वयात बापाला नसते नाद. दोन्हींत एकच चूक आहे आणि तीच माझ्या वहीत आहे. तंदुरुस्ती उंचीच्या त्रासापासून वाचवत नाही. पळणाऱ्याची फुप्फुसं मोठी असतील, पण पातळ हवेची सवय व्हायला शरीराला जे दिवस लागतात ते त्यालाही लागतातच. उलट तो जोरात चालतो, जास्त चालतो, आणि जोर केला की त्रास वाढतो. साठीच्या माणसाला हा त्रास तरुणापेक्षा जास्त होतो असंही नाही. त्यांच्या हृदयाची, रक्तदाबाची, गुडघ्याची काळजी वेगळी, ती घ्यावीच. पण ती घेताना मी दुसऱ्या माणसाकडे पाठ केली.

मोजायला साधन होतं. लेक लुईस नावाची एक गुणतालिका जगभर वापरतात, २०१८ मध्ये ती सुधारली. डोकेदुखी, पोट, थकवा, चक्कर, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. डोकेदुखी आहे आणि बेरीज तीन किंवा जास्त, तर उंचीचा त्रास सुरू झाला असं समजायचं आणि तो जाईपर्यंत वर जायचं नाही. मुलीनं नंतर प्रामाणिकपणे आठवून होरोंबोच्या दुसऱ्या संध्याकाळचे गुण मांडले : डोकं दोन, पोट एक, थकवा एक. चार. किबोला जायलाच नको होतं. हा कागद मी पप्पांच्या खिशात मराठीतून घालून दिला होता. तिच्या खिशात घातला नाही, कारण तिला इंग्रजी येतं, ती वाचेल.

डायमॉक्स घेतली असती तर? त्रास होण्याची शक्यता कमी झाली असती, इतकंच म्हणता येतं. दोन दिवस जास्त असलेली वाट घेतली असती तर आणखी कमी. रजेच्या दिवसांवरून डोंगराची वाट ठरवायची ही आपली नोकरदार सवय आहे, आणि टूरवाल्यांना ती सोयीची असते.

राहिला पप्पांचा निर्णय. त्यावर माझं आणि त्यांचं आजही जुळत नाही. वैद्यकाच्या नजरेनं पाहिलं तर त्यांच्या खाली येण्यानं मुलीला काही जास्तीचं मिळालं नाही. गाईड अनुभवी होता, स्ट्रेचर होतं, माणसं होती. ते वर गेले असते तर कदाचित सकाळी शिखरावर असते. पण ज्याला कुणाशी बोलता येत नाही, अर्धंच ऐकू येतं, आणि ज्याचं अर्धं डोकं खाली मुलीपाशी आहे, अशा माणसाला पहाटे तीनला मी पुढं पाठवलं असतं का? नसतं. म्हणजे निर्णय बरोबर, असं मी म्हणतो. त्यांना हे कारण मान्य नाही. ते म्हणतात, यात निर्णय काय घ्यायचा असतो?

मला खटकतं ते वेगळंच. माघार घ्यायची वेळ आली तर काय करायचं, हे घरी, उजेडात, पोटात अन्न असताना ठरायला हवं होतं. आईनं ठरवलं होतं, पण तिनं दोघांना एका दोरीत बांधलं. अशा दोरीत खालच्याचा पाय घसरला तर वरचा ओढला जातो, म्हणून खालचा घसरलो असं म्हणतच नाही. मी आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळं झालं?" तसं नाही म्हणालो. खरं तर थोडं तसंही आहे, आणि त्याहून जास्त माझ्यामुळं, कारण चार महिने वही माझ्या हातात होती.

सध्या

दोघांना पुन्हा जायचंय. या वेळी आठ दिवसांची लेमोशोची वाट. डायमॉक्स दोघांना. गाईडच्या प्रश्नांची उत्तरं देताना दुभाषाचं काम नको म्हणून मुलीनं चित्रांचं कार्ड केलंय : डोकं, पोट, झोप, चक्कर, आणि खाली शून्य ते तीन. पप्पा स्वतःच बोट ठेवून दाखवणार आणि तिच्या कार्डावर तिनं बोट ठेवलेलं गाईडबरोबर पप्पाही बघणार.

एक कागदही केलाय, फ्रिजवर लावलाय. त्यावर तीन ओळी. एक, त्रास लपवायचा नाही. दोन, खाली फिरवायचा अधिकार गाईडचा, त्यावर वाद नाही. तीन, एकाला उतरावं लागलं आणि दुसरा ठणठणीत असला तर दुसऱ्यानं सहायकाबरोबर पुढं जायचं. मुलीची सही आहे. आईची आहे, तिनं चष्मा लावून तीनदा वाचून केली. पप्पा पहिल्या दोन ओळींपुढं सही करून थांबलेत. तिसरीला तयार नाहीत. मुलगी म्हणते, तिसरीवर सही होत नाही तोवर तिकीट काढणार नाही. तिकीट निघालेलं नाही.

जिना चालू आहे. मुलगी पंधरवड्यातून एकदा पुण्याहून येते आणि पप्पांच्या मागं, त्यांच्याच चालीनं आठ मजले चढते, ते तिला फार जड जातं. कालच्या रविवारी तिसऱ्या रकान्यात लिहिलं : नाडी ५८, झोप साडेपाच तास, डाव्या टाचेला फोड, ज्वारी सहा किलो, चिडचिड बरीच.